समोरच्याची खुर्ची

रेगेबाईंच्या टेबलापाशी दोन खुर्च्या असत. एक लाकडी, हातांची, बसायला बरी. दुसरी मंडपवाल्याकडून कधीतरी वाचनालयात आलेली घडीची लोखंडी खुर्ची. तिच्या पाठीवरचं मंडपवाल्याचं नाव अर्धं उडालं होतं आणि बसलं की ती एकदा कुरकुरायची. नवीन माणूस आला की साहजिकच लाकडी खुर्चीकडे वळायचा. बाई हातातल्या पेन्सिलीने लोखंडी खुर्ची दाखवायच्या.

"तिथे बसा. ती समोरच्याची खुर्ची. तुमच्याविरुद्ध जो कोणी आहे, तो काय म्हणतो ते आधी सांगा. तुमचं नंतर ऐकते."

माणूस गोंधळायचा. "अहो मॅडम, तो खोटं बोलतोय. त्याचं काय सांगू?"

"खोटं तर खोटं. पण त्याच्यासारखं मनापासून बोला. कोर्टात तो काही तुमच्यासारखा कुत्सित चेहरा करून बोलणार नाही."

कोपरीतल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर, मासिकांच्या दालनामागे एक लांबट खोली आहे. तिथे कायद्याच्या पुस्तकांची तीन कपाटं आहेत. रेगेबाई आयुष्यभर एका विधी महाविद्यालयात ग्रंथपाल होत्या. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी दुपारी त्या डोंबिवलीहून येऊन ही खोली उघडायच्या. ज्यांना स्वतःचं प्रकरण स्वतःच समजून घ्यायचं आहे त्यांनी यावं, अशी पाटी जिन्याखाली होती. सोसायटीशी भांडणारे यायचे, बिल्डरने ताबा न दिलेले यायचे, भावाभावांच्या वाटणीत अडकलेले यायचे. बाई सगळ्यांना पहिल्याच भेटीत सांगायच्या, "मी वकील नाही. मी सल्ला देत नाही. मी कपाट उघडते आणि वाचायला लावते."

मी तिथे गेले तेव्हा मला वाचायला नव्हे, कोणाला तरी सगळं सोपवून टाकायला हवं होतं. आमचं घर गेलं होतं.

घर म्हणजे कोपरीतल्याच एका चाळीतली भाड्याची खोली. माझा जन्म तिथलाच. बाबांचं दुखणं वाढलं तेव्हा त्यांना मोकळ्या हवेत ठेवावं म्हणून आम्ही खडवलीला मामाकडे गेलो. निघताना आईने खोलीची किल्ली मालकीणबाईंकडे, हिराबायकडे दिली. देवघरात रोज संध्याकाळी दिवा लागला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं. हिराबायचं घराणं इथलं मूळचं. पूर्वी त्यांची भातशेती आणि मिठागरं होती, आता चाळी आहेत. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला इथल्या पद्धतीने मासळी साफ करायला हिराबायनेच शिकवलं. त्यामुळे किल्ली तिच्याकडे देण्यात काही विशेष आहे असं आम्हाला वाटलंच नाही. आमच्या चाळीत गावाला जाणारं प्रत्येक बिऱ्हाड तेच करायचं.

बाबा खडवलीलाच गेले. तेराव्यानंतर आम्ही परत आलो, तर दाराला नवीन कुलूप. हिराबायचा मुलगा विलासदादा खाली ओट्यावर उभा होता. नजर चुकवत म्हणाला, "काकी, तुम्ही किल्ली देऊन गेलेलात ना. आम्ही खोली सोडली असंच धरलं. चाळ आता डेव्हलपमेंटला चाललीय."

आईने फक्त कुलपाला हात लावून पाहिला, जसा ताप बघतात तसा. मग आम्ही खडवलीला परत गेलो.

घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मामापासून शेजारच्या आजोबांपर्यंत प्रत्येक जण मला म्हणायचा, "तू कॉलेजात जातेस ना, मग बघ ना काहीतरी." मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, माझा विषय भूगोल. पण नाही कसं म्हणायचं ते मला कळत नव्हतं. एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर चाळीकडे नुसती चक्कर मारायला गेले आणि वाटेत वाचनालयाची ती पाटी दिसली. लहानपणी त्याच जिन्याखाली आम्ही लपाछपी खेळायचो. वर काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी मला लोखंडी खुर्चीत बसवलं. "आता तू विलासदादा. बोल."

मी म्हणाले, "काकी किल्ली देऊन गेली." आणि माझे डोळे भरून आले. बाईंनी पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढली आणि माझ्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवली.

"रडणाऱ्याला लोक पाणी देतात," त्या म्हणाल्या. "पाणी पिऊन माणूस पुन्हा रडतो. बडीशेप चाव. चावताना रडता येत नाही, मी बघितलंय."

खरंच येत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, कुलूप कधी बदललं. मी सांगितलं. त्यांनी मनाशी हिशोब केला, उठून मधल्या कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "कलम सहा. मोठ्याने वाच."

त्या कायद्याचं नाव वाचतानाच माझी जीभ दोनदा अडखळली. पण कलम तसं सरळ होतं. कोणाचं घर किंवा जमीन त्याच्या संमतीशिवाय आणि कायद्याचा मार्ग सोडून कोणी ताब्यात घेतली, तर त्याला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. मी आनंदाने पुस्तक मिटायला लागले.

"शेवटपर्यंत वाच," बाई म्हणाल्या. "आपल्याला आवडेल तेवढंच वाचून लोक उठतात आणि मग कोर्टात आपटतात. खालच्या ओळींतच खरी मेख असते. आणि या कलमातला कुठला शब्द तुझ्या विलासदादाच्या कामाचा आहे, ते मला सांग."

मला बराच वेळ लागला. शेवटी म्हटलं, "संमतीशिवाय."

"हं. तो म्हणणार, किल्ली दिली म्हणजे संमती दिली. त्याला तुमच्याकडे उत्तर काय?"

मी पुन्हा कलमात शोधायला लागले. बाईंनी उत्तर सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मुदतीला वेळ आहे, पण झोपण्याइतका नाही. सोमवारी कोर्टाच्या आवारात विधी सेवा कार्यालयात जा. बाईमाणसाला तिथे वकिलाची मदत फुकट मिळते. मात्र आपलं प्रकरण आधी आपल्याला कळलेलं हवं. नाहीतर आपण नुसतं गाठोडं होतो, या हातातून त्या हातात. आणि पुढच्या शनिवारी आईला घेऊन ये."

"आईला कशाला? ती सातवी शिकलेली आहे. मीच सगळं..."

"खोली कोणाची आहे?"

"आईची."

"मग कोर्टात तीच बोलेल. तू शिकलीस ते आईला मुकं करायला नाही ना?"

बाई अशा बोलायच्या. त्यांच्या बोलण्यात गोडवा शोधायला गेलं तर सापडायचा नाही. कोणी मोबाइलवर व्हिडिओ लावून "हे वकील साहेब तर असं सांगतात" म्हणालं की त्या चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. "मग त्यांनाच विचारा, तुमच्या केसमधला खरेदीखताचा कागद कुठे आहे." पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला त्या तिथल्या तिथे उभं करून पान सरळ करायला लावायच्या. पण कोणी पुस्तक वाचत बसलं असेल तर वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तरी त्या पंखा बंद करत नसत.

आई आली ती पदर डोक्यावरून घेऊन. वाचनालयात चप्पल काढायची की नाही हे तिला कळेना, म्हणून ती दाराशीच उभी राहिली. खोलीत त्या दिवशी पवारकाका होते. हे डोंबिवलीचे निवृत्त फोरमन, छत गळतं म्हणून वरच्या मजल्यावरच्या बाईंशी त्यांचं भांडण चाललेलं. मागच्याच शनिवारी रेगेबाईंनी त्यांना त्या वरच्या बाईंच्या बाजूने बोलायला लावलं होतं, आणि ते इतकं छान बोलले होते की त्यांना स्वतःचाच राग आला होता.

"या वहिनी, चप्पल राहू द्या," पवारकाका म्हणाले. "इथे सगळे गुन्हेगारच आहेत, फक्त गुन्हा सिद्ध व्हायचाय."

"पवार, तुम्ही आज यांच्या जागी बसा," रेगेबाई म्हणाल्या आणि त्यांना लाकडी खुर्ची दाखवली. आईला लोखंडी. "तुम्ही विलास. बोला."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंची पेन्सिल माझ्याकडे वळली.

आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "माझा बाप गेला. चाळीचं सगळं माझ्यावर आलं. बिल्डर रोज विचारतो, खोल्या रिकाम्या किती. चाळीच्या भिंती पडायला आल्यात, उद्या कोणाच्या डोक्यावर पडल्या तर मलाच धरतील." ती थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. विलासला तिने लहानपणी न्हाऊ घातलेलं होतं. "काकी गेली गावाला. किती दिवस झाले, आली नाही. किल्ली आमच्याकडेच होती. मी कोणाला हाकललं नाही."

"मस्त बोललात," पवारकाका म्हणाले. "आता मी तुम्ही. काय रे विलास, घरात सामान होतं ना माझं? काय काय होतं?"

"होतं थोडं. कपाट. भांडी. पोरीची पुस्तकं."

"सामान टाकून कोण जातं रे?"

"जुनं होतं. लोक टाकून जातात जुनं सामान." आईला आता विलास चांगलाच जमायला लागला होता. "चाळीतले कितीतरी गेले, पलंग टाकून गेले."

"आणखी काय होतं?"

"आणखी काय. पाण्याचं पिंप. शिलाई मशीन. देव..."

ती तिथेच थांबली. खुर्ची कुरकुरली.

"देव तिथेच आहेत," आई म्हणाली. हा आवाज विलासचा नव्हता. "माझे सासऱ्यांपासूनचे देव. किल्ली त्यांच्यासाठीच दिली होती. माणूस पलंग टाकून जाईल हो. देव ठेवून कोणी घर सोडतं का?"

रेगेबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "लाकडी खुर्चीत या आता," त्या आईला म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "आई जसं बोलली तसंच लिही. तुझे कॉलेजचे शब्द घालू नकोस."

दावा आम्ही दोघींनी मिळून लिहिला. आई सांगायची, मी लिहायचे, शनिवारी बाई नुसतं विचारायच्या, "हे कशावरून? आणि मालक कोण कोण?" त्या शेवटच्या प्रश्नामुळे आम्हाला कळलं की आप्पा म्हणजे विलासचे वडील गेल्यावर चाळ विलास आणि हिराबाय दोघांच्या नावावर आहे, म्हणून दोघांनाही प्रतिवादी करावं लागेल. हिराबायचं नाव लिहिताना आईने माझा हात धरला. मी थांबले. मग तिनेच हात सोडला आणि म्हणाली, "लिही." विधी सेवा कार्यालयातल्या वकीलबाईंनी कागद तपासून दिला, त्या स्वतः कोर्टात उभ्या राहायलाही तयार होत्या. आई त्यांना म्हणाली, "कागदावर तुमची नजर राहू द्या ताई. बोलते मी." मुदत संपायच्या आत दावा दाखल झाला.

कोर्टाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं. मध्यस्थी म्हणजे कोर्टातल्याच एका खोलीत गोल टेबलाभोवती दोन्ही बाजूंनी बसून मार्ग निघतो का ते बघायचं. मध्यस्थ एक शांत वयस्क वकील होते. आईबरोबर मला बसू दिलं. समोर विलासदादा, त्याचा वकील आणि नऊवारीत हिराबाय. तिने आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

विलासदादा बोलला. जवळजवळ आईने लोखंडी खुर्चीत म्हटलं होतं तेच तो बोलला. बाप, बिल्डर, भिंती, किल्ली. मी आईकडे पाहिलं तर ती मान हलवत ऐकत होती, जणू शाळेतल्या मुलाने पाठांतर बरोबर म्हणावं. मला तेव्हा कळलं की तिला भीती वाटत नाहीये. त्याचं बोलणं तिने आधीच एकदा आतून ऐकलं होतं.

तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "विलास बोलला त्यातलं बरंचसं खरं आहे, साहेब. त्याच्यावर ओझं आहे. पण मी खोली सोडली नाही. किल्ली दिली ती दिव्यासाठी. माझे देव आतच आहेत. देव ठेवून कोणी घर सोडतं का, एवढंच तुम्ही त्याला विचारा."

विलासदादाचा वकील म्हणाला, "देवाबिवाचा काही पुरावा नाही, सर. नंतर सुचलेली गोष्ट आहे."

तेव्हा हिराबाय बोलली. टेबलाकडेच बघत. "पुरावा काय? मी लावतंय दिवा."

"कुठे?" मध्यस्थांनी विचारलं.

"तिच्या देवांना. रोज. ती सांगून गेली व्हती."

"आय, तू गप," विलासदादा म्हणाला.

"गप कशी बसू? कुलूप तू बदललास. मी तुझ्याकडना नवी किल्ली मागली का नाय? कशाला मागली? दिव्यालाच. दिवा मी बंद केला नाय." मग पहिल्यांदाच तिने आईकडे पाहिलं. "तुझा नवरा गेला तवा बी लावला. तेल माझंच हाय, ते मागत नाय."

आई हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मला वाटलं, आत्ता ती बडीशेपेची डबी इथे हवी होती.

त्यानंतर फार काही उरलं नव्हतं. दोन बैठकांत तडजोड लिहिली गेली. ताबा आईला परत मिळाला, आणि चाळ पाडली तर नव्या इमारतीत इतर भाडेकरूंना मिळेल तेच आम्हालाही मिळेल, असं ठरलं. कोर्टाने त्यावर शिक्का मारला. आम्ही दार उघडलं तेव्हा खोलीभर धूळ होती, फक्त देवघरासमोरची फरशी पुसलेली होती.

मी पेढे घेऊन वाचनालयात गेले. मनात भाषण तयार केलं होतं. बाईंनी पेढा अर्धा मोडून पवारकाकांना दिला आणि विचारलं, "तडजोडीचा कागद नीट वाचलास? शेवटपर्यंत?" मी हो म्हटलं. "मग ठीक," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला पेन्सिलीने लोखंडी खुर्ची दाखवली. मी भाषण तसंच परत घेऊन आले. पण त्या दिवसापासून मी दर शनिवारी जायला लागले. पुस्तकं जागेवर लावायची, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचं. हळूहळू दुसऱ्यांच्या प्रकरणात समोरचा होऊन बोलायलाही शिकले. मी भाऊ झाले, सासू झाले, विमा कंपनी झाले. भूगोलाच्या वर्गात बोलायला मी अजूनही घाबरते, पण त्या लाकडी खुर्चीसमोर नाही.

मागच्या वर्षी आईला खडवलीला जावं लागलं. मामीचं ऑपरेशन होतं, आणि परीक्षेच्या आधी मला सुट्टी होती म्हणून मीही बरोबर जाणार होते. आदल्या संध्याकाळी आई सहज म्हणाली, "किल्ली हिराबायकडे देऊन येते."

मी म्हटलं, "आई, परत?"

"मग देवांना अंधारात ठेवू?"

मी रेगेबाईंना फोन केला. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नव्हता, त्या शनिवारी येईनाशा झाल्या होत्या, आणि लवकरच पुतणीकडे सांगलीला कायमच्या राहायला जाणार होत्या. मला वाटलं, त्या आईला चांगलं खडसावतील. मी सगळं सांगितलं.

"समोरच्याच्या खुर्चीत बसलीस का?" त्यांनी विचारलं.

"कोणाच्या?"

"हिराबाईंच्या. तेव्हा इतके महिने तिने दिवा लावला, मुलाशी भांडून लावला. आता तुम्ही किल्ली दिली नाहीत तर तिला काय वाटेल?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कायदा शिकलीस म्हणून शेजार सोडायचा नसतो," बाई म्हणाल्या. "किल्ली द्या. बरोबर दोन ओळी लिहून द्या, की दिव्यासाठी दिली, परत आलो की घेऊ. खाली दोघींच्या सह्या. विश्वासाला कागदाने कमीपणा येत नाही. दोघींची मुलं उद्या भांडतील, त्यांच्यासाठी असतो तो."

मी दोन ओळी लिहिल्या. भीतभीतच हिराबायकडे घेऊन गेले. तिला राग येईल असं वाटत होतं. तिने मला मोठ्याने वाचायला लावलं आणि ऐकून झाल्यावर आत हाक मारली, "विलास, ये. तू बी सही कर. मंग नको बोलूस, आय म्हातारी झाली म्हनून." विलासदादा लाजत आला, त्याने सही केली आणि मला म्हणाला, "तुझ्या त्या मॅडम शनिवारी असतात काय गं अजून? माझं चुलत्याशी जमिनीचं लफडं झालंय."

"मॅडम नसतात," मी म्हटलं. "मी असते. पण आधी चुलत्याच्या बाजूने बोलावं लागेल."

"त्याच्या बाजूने? तो चोर आहे."

"असू दे. ये तर खरा."

तो आला. जरा उशिराच आला, आणि सवयीने लाकडी खुर्चीकडे वळला. माझ्या हातात बाईंची पेन्सिल नव्हती, साधं पेन होतं. मी त्या पेनानेच लोखंडी खुर्ची दाखवली.